गाडी गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने परत चालू : जुन्या पेट्रोल गाडीत दोष नेमका पकडायचा कसा

दहा-पंधरा वर्षं जुन्या एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) पेट्रोल गाडीची ही तक्रार पुण्यात सारखी कानावर येते. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, पिकअप चांगला, मिसिंग नाही, कुठला लाइट नाही, आणि मग तास-अर्धा तास चालली, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतर घाटात चांगली तापली की धाडकन बंद. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन पकडतच नाही. वीस-तीस मिनिटं उभी राहिली की काही झालंच नाही अशी चालू होते, आणि दोन-चार दिवसांनी परत तेच.

याच्यावर पैसे वाया जातात ते एका साध्या कारणाने. गाडी गॅरेजला पोचते तोवर ती थंड झालेली असते. फिटर किल्ली फिरवतो, गाडी चालू, मग अंदाजाने प्लग बदला, फिल्टर बदला, पेट्रोलमध्ये कचरा असेल म्हणून टाकी साफ करा, तरी नाही थांबलं तर प्लगला करंट देणारी कॉइल, मग टाकीतला पेट्रोलचा पंप. यातला प्रत्येक पार्ट खराब असू शकतो हे खरंय, पण थंड आणि चालू गाडीवर यातला कुठलाच दोष दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा दोष फक्त गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत दिसतो, तेव्हा बघायचं काय हे गाडी चालवणाऱ्याला माहिती पाहिजे, आणि तेवढं बघितलं नसेल तर कुठलाही पार्ट बदलायला हो म्हणू नका.

त्यासाठी डिकीत फार काही ठेवावं लागत नाही. एक साधा मल्टिमीटर, प्लग आणि वायरच्या मध्ये लावायचा स्पार्क टेस्टर, टॉर्च, पाण्याची बाटली, एक-दोन फडकी, आणि तुमच्या गाडीतल्या रिलेच्याच (करंट चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) पार्ट नंबरचा एक जादा रिले. हे सगळं नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळून जातं.

पण आधी सेफ्टी, कारण गाडी बंद पडायला पुण्यात फार वाईट जागा आहेत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार घ्या. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीनदा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं, ब्रेक लागतो पण सगळा जोर लावावा लागतो. म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा, स्टिअरिंग जड होईल ते गृहीत धरा, आणि चालत्या गाडीत किल्ली पूर्ण मागे फिरवून काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा, त्रिकोण मागे चांगला लांब ठेवा, घरच्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. हायवेवर असाल तर १०३३ ला फोन करा, बाकी कुठेही ११२. बोगद्यात किंवा उतारावर असाल तर खाली लिहिलंय त्यातलं काहीही तिथे करायचं नाही, गाडी आधी सुरक्षित जागी न्यायची, मग बॉनेट.

आणि अजून तीन गोष्टी, ज्यात सेल्फ मारायचाच नाही. टेम्परेचरचा काटा वर गेलाय किंवा कूलंटचा वास आणि वाफ येतेय, ऑइलचा लाल दिवा लागून मग गाडी बंद पडलीये, किंवा सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरतंय, नेहमीचा दाबाचा लयीतला आवाजच नाही. शेवटच्यात टायमिंग बेल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हला लागतात, अजून सेल्फ माराल तर नुकसान वाढेल. टेम्परेचरच्या काट्यावरही आंधळा विश्वास नको, कूलंट खूपच कमी झालं असेल तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो आणि काटा खाली दाखवू शकतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं तरी रस्त्यावर कोणीतरी मदतीला येतो आणि उघडतो, त्याला थांबवा. आणि रेडिएटरमध्ये कायम बोअरचं पाणी टाकायची सवय असेल तर ती मोडा, आपल्याकडच्या जड पाण्याने आतून खपली धरते, गाडी मग उन्हाळ्यात तापणारच.

हे तिन्ही नसेल तर आता मूळ विषय. गाडी बंद कशी पडली ते आठवा, अगदी त्याच क्षणी मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, कारण नंतर घरी पोचेपर्यंत दोघांना दोन वेगळ्या गोष्टी आठवतात. एक प्रकार असा की गाडी आधी झटके देते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर ओढत नाही, सोडला तर थोडी बरी चालते, आणि मग गुदमरत बंद पडते. याचा कल पेट्रोलकडे असतो. दुसरा प्रकार म्हणजे एकदम, स्विच बंद केल्यासारखी, काही झटका नाही आणि काही सूचना नाही. याचा कल करंटकडे आणि सिग्नलकडे. याच दुसऱ्या प्रकारात आरपीएमचा काटा बघितलात का हे फार महत्त्वाचं आहे. गाडी अजून गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत, म्हणजे इंजिन प्रत्यक्ष फिरतंय, तरी काटा झटकन शून्यावर पडला असेल तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, दिसणंच बंद झालंय. एवढी एक गोष्ट नीट बघितली असेल तर अर्धं काम झालं.

आता गाडी गरम आहे, चालू होत नाही, तेव्हा तीन गोष्टी तपासा, आणि याच क्रमाने.

किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटजवळ कान लावा, बहुतेक गाड्यांत दोन-एक सेकंद पंपाची घूं येते आणि थांबते. रस्त्यावर आवाज असेल तर दुसऱ्या कोणाला तरी सीटवर कान लावायला सांगा. मग स्पार्क टेस्टर लावून कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, येतेय का बघा. वायर काढून बॉडीजवळ धरून ठिणगी बघायची जुनी पद्धत या गाड्यांवर करू नका, कॉइल आणि ईसीयू दोन्हीला धोका आहे आणि हाताला बसला तर तुम्हालाही. तिसरं, सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा थोडा तरी उचलतोय का. सगळ्या गाड्यांत तो उचलतोच असं नाही, म्हणून घरी थंड गाडीवर एकदा बघून ठेवा, तुमच्या गाडीत उचलत असेल तरच ही खूण वापरा. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थांबा.

यातून उत्तर कसं काढायचं ते नीट समजून घ्या कारण इथेच बरेच चांगले फिटरसुद्धा फसतात. किल्ली ऑन केल्यावर पंपाची घूं आली नाही तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायरिंग. घूं आली, करंटही येतोय, काटाही हलतोय पण गाडी पकडत नाही तर पेट्रोलचं प्रेशर मोजावं लागेल, किंवा इंजेक्टरला पल्स मिळतोय का ते. पण घूं आली आणि सेल्फ मारताना करंट नाही, काटा नाही, तर ते क्रँक सेन्सरकडे बोट आहे, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरकडे. गंमत अशी की अशा वेळी सेल्फ मारताना पंपालाही सप्लाय मिळत नाही, कारण इंजिन फिरतंय असा सिग्नल आला नाही तर ईसीयू पंप स्वतःहून बंद ठेवतो, अपघातात पाइप तुटून पेट्रोल सांडू नये म्हणून. मग कोणीतरी सेल्फ मारताना पंपाच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावतं, लॅम्प लागत नाही, आणि निदान होतं की पंपाची लाइन गेली. लाइन ठीकच असते, तिला हुकूम देणारा गप्प असतो. म्हणून सुरुवातीची दोन सेकंदांची घूं आणि सेल्फ मारतानाचा सप्लाय या दोन वेगळ्या गोष्टी म्हणूनच तपासा.

अजून एक हिशोब उपयोगाचा आहे. चार सिलिंडरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन कॉइल असतात, एक कॉइल दोन सिलिंडर सांभाळते. एक कॉइल गरम होऊन गेली तर गाडी दोन सिलिंडरवर थरथरत, रडत का होईना चालते. चारही सिलिंडर एकाच क्षणी गेले तर दोष अशा ठिकाणी शोधायचा जे चौघांना सामायिक आहे, म्हणजे क्रँक सेन्सर, मेन रिले (ईसीयूला सप्लाय देणारा), इग्निशन स्विच, ईसीयूचा सप्लाय, अर्थिंग, किंवा पंप. प्लग चारही एकदम जात नाहीत. हे एवढं लक्षात ठेवलं तरी प्लग बदलायचा पहिला सल्ला बाजूला ठेवता येतो.

आता क्रँक सेन्सरबद्दल सविस्तर, कारण गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. फ्लायव्हीलजवळ किंवा पुलीच्या बाजूला बोटाएवढा सेन्सर असतो, त्याच्यासमोरून दाते फिरतात आणि त्यावरून ईसीयूला कळतं इंजिन कुठल्या स्थितीत आहे आणि किती वेगाने फिरतंय. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये लोहचुंबकावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे खूप वेढे असतात. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ती तार आत कुठेतरी तडकते, थंड असताना दोन टोकं टेकलेली असतात, गरम झालं की प्रसरण होऊन फट पडते आणि सिग्नल बंद. थंड झालं की परत टेकतात. म्हणून गॅरेजमध्ये गाडी चालू. आणि पंपावर पेट्रोल भरायला पाच मिनिटं थांबलो आणि नंतर चालूच होईना, हेही यातूनच येतं, कारण इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, आणि ब्लॉकची उष्णता आजूबाजूच्या पार्टमध्ये झिरपते, बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटं हा सेन्सर चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापलेला असू शकतो.

आमच्या घरच्या २००६ च्या गाडीत हेच होतं. बाबा जेजुरीला निघाले होते, दिवे घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना वळणावर गाडी गेली, आई बरोबर होती, मागे ट्रक. काही झालं नाही पण तेव्हापासून बाबांनी गाडी पुण्याबाहेर काढायची सोडली. आधी एका गॅरेजने पंप बदलून दिला होता, फरक शून्य. मग मी आणि आमच्या ओळखीचे एक वायरमन दुपारी मुद्दाम गाडी घेऊन बोपदेव घाटात गेलो, बंद पडेपर्यंत चालवली, आणि वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बघितल्या. घूं होती, करंट नव्हता, काटा मेलेला. त्यांनी ओलं फडकं पिळून सेन्सरवर धरलं, दोन-तीन मिनिटं, आणि सेल्फ मारल्याबरोबर गाडी चालू. ते म्हणाले, "आता पार्ट आणा, आता शंका नाही." घरी सेन्सर काढून मीटर लावला, थंड असताना काही शे ओहम, हेअर ड्रायरने गरम करत गेलो आणि आकडा आधी नाचायला लागला मग सरळ ओएल, म्हणजे आत तार तुटलेली. ती टेस्ट बाबांनी स्वतः डोळ्याने बघितली म्हणून त्यांचा विश्वास बसला, नुसतं सांगून बसला नसता.

फडक्याची टेस्ट करताना पाणी ओतू नका. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड आणि ऑक्सिजन सेन्सर तिथेच आसपास तापलेले असतात, त्यांच्यावर थंड पाणी पडलं तर तडकतील. फक्त ओलसर फडकं, फक्त सेन्सरवर, हात आणि बाह्या पट्ट्यापासून आणि फॅनपासून लांब, किल्ली बंद. आणि मीटरने ओहम मोजायची टेस्ट फक्त दोन वायरच्या वेढ्यांवाल्या सेन्सरला, तीन वायरचा हॉल प्रकारचा असेल तर ओहम मोजून काहीच कळत नाही, त्याला सप्लाय देऊन सिग्नल बघावा लागतो.

नवीन सेन्सर घ्यायच्या आधी त्याचा सॉकेट बघा, हे कळकळीने सांगतोय. ऑइल गळून सॉकेटमध्ये गेलेलं असतं, पिना सैल झालेल्या असतात, किंवा वायरचं वरचं प्लास्टिक उष्णतेने कडक होऊन आत तार तुटलेली असते. गाडी चालू ठेवून वायर हळू हलवा, इंजिन अडखळलं तर दोष वायरमध्ये आहे, सेन्सरमध्ये नाही. सेन्सर घ्यावा लागलाच तर कंपनीचा ओरिजिनल घ्या, डुप्लिकेट स्वस्त मिळतो पण परत घाटात अडकायची तयारी ठेवून तो घेण्यात अर्थ नाही. जुन्याच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो, बसवायची जागा नीट पुसून घ्या, सेन्सर आणि दात्यांमधली फट बदलली तर सिग्नल कमजोर येतो.

पेट्रोलच्या बाजूला दोष निघाला तर. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप म्हणूनच लवकर जातात, आणि पुण्यात सीएनजीवाल्यांचे सगळ्यात जास्त, कारण पेट्रोल फक्त सकाळी चालू करण्यापुरतं म्हणून शंभर रुपयांचं टाकलेलं असतं आणि काही किटमध्ये सीएनजीवर चालतानाही आतला पंप फिरतच राहतो. पंप म्हातारा झाला की गरम झाल्यावर जास्त करंट ओढतो आणि प्रेशर सोडतो. या गाड्यांत प्रेशर साधारण अडीच ते साडेतीन बारच्या मध्ये असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, आणि गेज लावून गाडी गरम असताना, रेस देऊन मोजायला सांगा, थंड गाडीवर मोजलेल्या आकड्याला काही किंमत नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे गाडी महिना-महिना उभी असेल तर पाइप चिरलेत का, पेट्रोलचा वास येतोय का हे बघत राहा.

सीएनजी असेल तर तुमच्याकडे फुकटची टेस्ट आहे. बंद पडली की दुसऱ्या इंधनावर टाकून बघा. सीएनजीवर लगेच चालू झाली तर दोष पेट्रोलच्या लाइनमध्ये, दोन्हीवर होत नसेल तर इंधन सोडा आणि सेन्सर, रिले, करंट बघा, कारण ते दोन्हीला एकच आहेत.

रिलेचं थोडक्यात. जुन्या मेन रिलेत आतला झाळकामाचा टाका तडकतो, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली तो चांगलाच तापतो, आणि दोष अगदी क्रँक सेन्सरसारखा दिसतो, फक्त यात बऱ्याचदा सुरुवातीची घूं पण नसते. जादा रिले टाकून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. इग्निशन स्विचमध्ये दोष असेल तर बंद पडताना मीटरचे दिवे पण विझतात, किल्ली हलवली की येतात. किल्लीला दहा चाव्यांचा जुडगा लटकवत असाल तर काढा. अर्थिंग मात्र मीटरनेच बघायचं, बॅटरीच्या निगेटिव्हवर एक टोक, इंजिनच्या ब्लॉकवर दुसरं, डीसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारायला सांगा, पाव व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्याच्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून घासा नाहीतर बदला.

स्कॅनरबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. भारतात ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवायची सोय) बंधनकारक झालं ते बीएस फोर या प्रदूषणाच्या नियमांबरोबर, २०१० च्या आसपास, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांशी हजार रुपयांचा ब्लूटूथवाला स्कॅनर बोलतच नाही, गॅरेजचा कंपनीचा स्कॅनर लागतो. जोडला गेला तर कोडपेक्षा लाइव्ह डेटा बघा, सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसतोय का. पी ०३३५ आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पण कोड आला नाही म्हणून सेन्सर चांगला असं नाही. आणि कोड वाचायच्या आधी कोणालाही बॅटरीचं टर्मिनल काढू देऊ नका, बऱ्याच जुन्या ईसीयूत त्याने सगळं पुसलं जातं.

फक्त सिग्नलला, क्लच दाबला की बंद पडते आणि लगेच चालू होते, तो वेगळा आजार आहे, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी काळी झालीये, आयडलचा वॉल्व्ह अडकलाय किंवा व्हॅक्यूमचा पाइप चिरलाय. फक्त पावसात होत असेल तर अंधारात बॉनेट उघडून प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या दिसतात का बघा, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर वायरिंग आधी तपासा.

एवढं करूनही दोष पकडीत येत नसेल, महिन्यातून एकदाच होत असेल, तर एक उपाय वायरमनकडून करून घ्या. बारा व्होल्टचे दोन छोटे बल्ब, फ्यूज लावून, एक मेन रिलेच्या आउटपुटवर आणि एक पंपाच्या सप्लायवर, आणि दोन्ही डॅशबोर्डवर नजरेसमोर पण रात्री डोळ्यांत येणार नाहीत असे. एअरबॅगच्या किंवा ईसीयूच्या सिग्नल वायरीला अजिबात हात लावायचा नाही. मग रोजच्यासारखी गाडी वापरा. ज्या क्षणी इंजिन जाईल त्या क्षणी दोन्ही बल्ब एकदम विझले तर मेन रिले किंवा त्याच्या मागचं, म्हणजे इग्निशन स्विच, फ्यूज, सप्लाय. इंजिन आधी गेलं, काटा पडला आणि पंपाचा बल्ब त्यानंतर सेकंद-दोन सेकंदांनी विझला तर क्रँक सेन्सर. गाडी गुदमरत असताना दोन्ही बल्ब पूर्ण लागलेले असतील तर पंपाला सप्लाय आहे, मग गेज लावून प्रेशर मोजा, तेही नसेल तेव्हा खुशाल पंप बदला.